दाखल क्रमांक ७११३

कादंबरीला पुठ्ठा नव्हता,
पहिली चार पानंही नव्हती,
म्हणून नाव नाही, लेखक नाही,
फक्त वाचनालयाचा गोल शिक्का
आणि जांभळ्या शाईत ७११३.

मार्चात इरय्या वडनालांनी ती नेली,
सात दिवसांच्या बोलीवर.
मृग लागला तरी पत्ता नाही.
मी गेले दाजी पेठेत, वहीत दंड मांडून:
रोजचे पन्नास पैसे, झाले एकोणपन्नास रुपये.

गल्लीभर माग चालू.
तिथं बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.
इरय्या मागावर बसत नाहीत,
ते आतल्या खोलीत जेकार्डचे पुठ्ठे पाडतात.
जिथं भोक तिथं दोरा उठतो,
जिथं नाही तिथं गप्प राहतो,
एवढ्या बोलीवर चादरीत मोर उभा राहतो.
आढ्यापासून लोंबत होत्या पुठ्ठ्यांच्या माळा,
चिठ्ठ्या लावलेल्या:
कमळ जुनं. मोर डबल.
ताजमहाल, गिऱ्हाईक वारलं.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "दंड देतो. पण पुस्तक नाही देता येत."

का?

"त्यात एक ग्रंथालय आहे बघा.
भिंती आहेत, शेवटची भिंत नाही.
एक माणूस कंदील घेऊन आत शिरतो,
घेतलेलं पुस्तक जागेवर ठेवायला.
जागा सापडंना.
दर दालनात एक म्हातारा, वही उघडून,
विचारतो, कुणाच्या नावावर?
आधी हा नाव सांगतो.
मग आडनावच सांगतो.
मग नुसता उभा राहतो."

मग?

"दोनशे बारानंतर पानं नाहीत.
तुमच्याच वाळवीनं खाल्ली.
आता मी परत केलं, तर तो
आतच राहिला की."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.
कोपऱ्यातली एक माळ त्यांनी खाली उतरवली.
मार्चपासून पाडत होते:
एका दालनाला एक पुठ्ठा,
उजवीकडे वळला तर भोक, डावीकडे वळला तर कोरं.
पान दोनशे बारापर्यंत पुस्तकाप्रमाणे,
पुढं अंदाजानं.
थोरल्यानं मागावर चढवून हातभर विणलं होतं,
लाल-काळं, मोर नाही, कमळ नाही.
व्यापारी म्हणाला, याला काठ कुठं घालायचा?
ते काही कुणाला सांगता आलं नाही.

मी तशीच परतले.

आमचं वाचनालय दोन खोल्यांचं.
एक ट्यूबलाइट, अकरा कपाटं.
मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू
एकाच फळीवर मांडीला मांडी लावून,
कारण बांधणीवाल्याला एकच लिपी यायची, आकड्यांची.
अकरातल्या तीन कपाटांच्या किल्ल्या
माझ्या आधीच्या माणसाच्याही आधी हरवल्या.
एकोणीस वर्षं झाली,
मी त्यांच्यावरची धूळ पुसते.

जुलैत इरय्यांनी माळच आणून दिली, पूर्ण.
"पुस्तक राहू द्या, हे लावून घ्या," म्हणाले,
आणि एकोणपन्नास रुपये टेबलावर मोजले, सुटे.
पुढचा दंड मी धरला नाही.
माळ खिळ्याला टांगली.

वार्षिक मोजणीला साहेब आले.
हे काय?
७११३, म्हटलं.
भाषा?
मी भोकांतून ट्यूबलाइटकडे पाहत राहिले.
त्यांनी रकान्यात लिहिलं, इतर.

अगदी शेवटचा पुठ्ठा मात्र
मी माळेतून सोडवून पर्समध्ये ठेवलाय.
उजवीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.
संध्याकाळी सगळे गेले, की
दारापासून तेवढंच चालते
आणि नेमकी
तिसऱ्या बंद कपाटापुढं येऊन थांबते.
परवा उगीच
टेबलापासून सुरुवात करून पाहिली.
तरी तिथंच.