पायांची मापं

शिंत्रे बाईंच्या कपाटात शिट्टी एक, बॉल चार
(त्यातला एक कायमचा आजारी)
आणि लाल पुठ्ठ्याची वही.
आम्हाला वाटायचं, वहीत डावपेच असतील.
निघाली पायांची मापं.

वैजयंता खुपेरकर, चार. आठवीत पाच होईल.
मेहजबीन, सहा. डावा पाय जरा मोठा.
एकीचे बूट दुसरीला, दुसरीचे तिसरीला.
एक जोड तर तेरा वर्षं खेळला,
आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त.

तळवे सुटले की ते बूट आमच्या घरी, सुभाषनगरात.
आबा चपलांचा ढीग सारून आधी तेच घ्यायचे.
"पैसे?" "लिहून ठेवा, बाई."
बाई खरंच लिहून ठेवायच्या.
मी संघात आलो तेव्हा पोरी कुजबुजल्या,
बुटांच्या उधारीत घेतली हिला.
बाईंनी ऐकलं.
पाच सामने मला बाकावर बसवलं.
सहाव्यात उतरवलं,
नंतर कुणी कुजबुजलं नाही.

हो, "आलो"च. आम्ही कोल्हापूरच्या पोरी आलो-गेलोच म्हणतो.
पुण्यात त्यावर सगळं मैदान हसलं.
बाई म्हणाल्या, "तसंच बोल. बास्केट झाली की मोठ्यानं बोल."

गाव फुटबॉलचं.
पेठांची मॅच असली की आमच्या कोर्टवर मोटरसायकली.
बाई पदर खोचून एकेक हँडल धरायच्या,
"चला, गाड्या ढकला. हाच आजचा वॉर्मअप."
रिंग उद्यमनगरात कुणाच्या तरी काकानं वेल्डिंग केलेली,
डावीकडं कललेली.
आम्ही नेमही डावीकडंच धरायला शिकलो,
आणि सांगलीच्या सरळ रिंगवर चाळीस मिनिटं हुकत राहिलो.
हरल्यावर बाई हसल्या, ते त्या एकाच दिवशी.
परत येऊन रिंग सरळ करून घेतली.
मग सहा महिने कुणाचाच बॉल आत जाईना.

"समोरचीचे डोळे बघू नको. डोळं फसवत्यात.
पाय बघ. पाय जिकडं, माणूस तिकडं."

वैजयंताचं लग्न ठरलं दहावीच्या सुट्टीत.
बाई तिच्या घरी तीनदा गेल्या.
तिसऱ्यांदा पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी.
वहीत तिच्या नावापुढं पाच,
त्यापुढं काही नाही.
रेघही मारलेली नाही.

काल सीपीआरला, हाडांच्या ओपीडीत, मी ड्यूटीवर होतो.
सत्ताविसावा पेशंट.
केसपेपर नंतर वाचला, पाय आधी बघितले.
घोटा सुजलेला, अंगठे आत वळलेले,
चप्पल एक नंबर लहान.
"बाई, तुमचं माप किती?"
त्यांनी जरा आठवून बघितलं.
"पोरींना देऊन जो जोड उरंल, तो."

भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं,
फरशीवर पसरलं.
म्हटलं, उभ्या राहा.
आबा धरायचे तशी पेन्सिल उभी धरली.
तोल जाऊ नये म्हणून बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.
बाहेर अठ्ठाविसावा पेशंट दार वाजवत होता.
मी मान वर केली, त्यांच्याकडं बघितलं,
पेन्सिल टाचेपाशी घसरली.

"वर काय बघतीस?" बाई म्हणाल्या.
"पाय बघ."