घरपट्टी

न्यू हॅम्पशरमध्ये विक्रीवर कर नाही, पगारावर नाही.
चिठ्ठीवर जेवढे लिहिलेत तेवढेच पैसे.
पाहुणे खूश होतात.
शाळेची बस मग कशावर चालते, हे पाहुणे विचारत नाहीत.

घरांवर चालते.
आणि ऑर्डवे फॉल्समधली घरं
मी मोजते.

कुत्री मला ओळखतात. माणसंही,
म्हणून पडदे ओढतात.
आमच्याकडे तलाठ्याला निदान चहा मिळायचा.
पट्टी लावायची, पट्टी बसवायची,
मोजायची तीही पट्टी, भरायची तीही.
हा विनोद इथे कुणाला सांगता येत नाही,
तेव्हा बर्फात उभी राहून एकटीच हसते.

कार्डावर लिहिते: पाया दगडी. छप्पर पत्र्याचं.
न्हाणीघरं दीड
(हे दीड मला पहिली दोन वर्षं पटलं नव्हतं).
शेवटचा रकाना: दृश्य.

लॉरेन थिबोडोच्या रकान्यात वीस वर्षं ‘नाही’ होतं.
तिच्या रेमंडने, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात,
मागचे सात पाइन पाडले
आणि डोंगर आला,
थेट भांडी घासायच्या खिडकीत.
मी लिहिलं: दृश्य, मध्यम. वीस हजार.
हजारी वीस डॉलर साठ सेंट,
वर्षाचे चारशे बारा.

‘मध्यम?’ ती एवढंच म्हणाली.

मार्चचा दुसरा मंगळवार.
शाळेच्या जिममध्ये गावाची सभा,
बास्केटच्या जाळीखाली घडीच्या खुर्च्या,
आठवीच्या सहलीसाठी विकायला ठेवलेलं चिली,
आणि प्रत्येकाच्या हातात मताचं पिवळं कार्ड.
कलम सात, अग्निशमनाचे बूट: मंजूर.
कलम आठ, वाचनालय शनिवारी उघडं:
पंचवीस मिनिटं भांडण, चार मतांनी नामंजूर.
ग्रंथपालाने विणकाम खाली ठेवलं नाही,
फक्त टाके मोजायची थांबली.
कलम नऊ, रस्त्यांसाठी मीठ.

लॉरेन उठली.
‘माझ्या डोंगराचे चारशे बारा
या पुस्तकात कुठल्या पानावर आहेत?’

सभापतींनी पानं उलटली. खरोखरच उलटली,
ते सज्जन गृहस्थ आहेत.
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पाकिटाच्या पाठीवर मांडलं:
अडीचशे शाळेला, पन्नास काउंटीला,
उरले एकशे बारा, त्यात कचरा डेपो,
पोलिसाची अर्धी नोकरी, दफनभूमीचं गवत...
पण ते खरं नव्हतं, मलाही माहीत होतं.
पैशाला गोत्र नसतं.
एकदा पिंपात पडला की
कुणाचा डोंगर, कुणाचं दीड न्हाणीघर,
वेगळं काढता येत नाही.
असं मी म्हणाले. इंग्रजीत ते जरा उद्धट वाटलं.

‘मग ते मिठात घाला,’ लॉरेन म्हणाली,
‘निदान कुणी घसरणार नाही.’
लोक हसले. कार्डं वर गेली.
तिचंही गेलं, सगळ्यात शेवटी.

रात्री घरी जाताना बर्फ पडत होता.
ट्रक पुढे मीठ फेकत चालला होता,
काचेवर दाणे तडतडत होते.
मी हिशेब करत होते, सवयच ती:
एकशे बारा डॉलरचं मीठ
पुलापासून किती लांब पुरेल?
गिरणीच्या वळणापर्यंत?
वळणावर गाडी जराही सरकली नाही.

एप्रिलमध्ये तिच्या दारावरून गेले.
स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, एका ओळीत,
गुडघ्याएवढी तीन पाइनची रोपं,
भोवती ओली, नवी माती.
ती सिंकपाशी उभी होती. तिने हात केला.
मी केला.

फेरमोजणी पाच वर्षांनी.
पाइन वर्षाला दोन फूट वाढतो, चांगली जमीन असली तर.
हे मी कार्डावर
लिहिलं नाही.