छाट

विडी घरकुलात, तिसऱ्या गल्लीत
यादी घेऊन मी उंबऱ्याशी बसते.
बत्तुल लसमव्वा, वय बासष्ट, इथली.
बत्तुल लक्ष्मीबाई, वय एकोणसाठ, दाजी पेठेतली.
चेहरा एकच,
एका फोटोत नाकात चमकी आहे, एकात नाही.

परवा चौकात दोन्ही झेंडेवाले भांडले,
हे म्हणाले बोगस, ते म्हणाले कारस्थान;
दोघांच्या हातात हिचंच पान, झेरॉक्स केलेलं.
हिचं दार कुणीच वाजवलं नाही.

"अव्वा, यातली एक कमी करायचीय."
सुपातून मान वर न काढता ती
पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते.
"कारखान्यात पण छाट काढतात.
वाकडी, सैल, फाटक्या पानाची.
हातात घेऊन बघतात तरी."

"दाजी पेठेतली काढू?"

बोटं थांबतात.
"तिनं एकदा मत दिलंय गं,
नवऱ्यानं सांगितलेलं सोडून.
घरी येऊन मार पण खाल्ला.
तिला राहू दे.
मला काढ."

नियमानं राहत्या पत्त्याचं नाव ठेवायचं असतं.
कारणाच्या रकान्यावर माझं पेन
अजून तसंच आहे,
आणि तिचा चौथा कट्टा बांधून झालाय.