डावा पाय

डाव्या हाताचा मळ, म्हणतात.
म्हणजे सोपं काम.
मी बावीस वर्षं एमआयडीसीत गिअरचे दात मोजते,
मायक्रॉनमध्ये.
डाव्या हाताला काय काय येतं ते मला विचारा.

गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलानं
किल्ली ह्यांच्या हातात दिली.
ह्यांनी ती तशीच माझ्याकडे सरकवली,
जेवताना मिठाचं भांडं सरकवावं तशी.

दोन लिटरचं इंजिन, टर्बो, सहा गिअर,
रंग ओल्या शेवाळाचा.
साताऱ्यात सगळ्यांनी एकच विचारलं : ॲव्हरेज किती?
नऊ, म्हटलं. उतारावर दहा.
जाऊबाई म्हणाल्या, एवढ्यात वाढे फाट्याला प्लॉट झाला असता.
झाला असता.
पण प्लॉट पहाटे पाचला लिंब खिंडीत
चौथ्यातून तिसऱ्यात येत नाही,
आणि येताना पाठीवर
असा हात ठेवत नाही.

पोट खाली तिचं.
समर्थ मंदिराजवळचा स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा,
आधी एक चाक, मग दुसरं,
साडी सावरून ओढा ओलांडावा तसं.
मागचे रिक्षावाले काय म्हणायचे
ते काच वर असल्यामुळे कळलं नाही.

मग गुडघा.
डॉक्टर निंबाळकरांनी फोटो उजेडाला धरला,
इथली गादी झिजलीय, मॅडम.
क्लच जड आहे का?
आहे, म्हटलं,
आणि लाजले, चारचौघांत नाव घ्यायला लावल्यासारखी.
आता ऑटोमॅटिक घ्या. डाव्या पायाला सुट्टी.

झीज मला कुणी शिकवायला नको.
कुठला दात खाल्ला गेलाय हे मी नुसत्या आवाजावरून सांगते.
स्वतःच्या हाडाची करकर मात्र
दोन पावसाळे
सस्पेन्शनची समजत होते.

रविवारी कोरेगावचा बर्गे आला. प्रणील.
सत्तावीस वर्षांचा.
बूट काढून आत बसायला लागला,
म्हटलं, घाल बूट, देऊळ नाही.
(आठ वर्षं मी स्वतः चपला काढून चालवली.)

पहिल्यांदाच मी डावीकडे बसले.
यवतेश्वरच्या दुसऱ्या वळणावर समोरून एसटी,
थांबावं लागलं. चढ.
त्यानं क्लच सोडला,
गाडीनं एक आचका दिला आणि गप्प.
मागे टेम्पो. त्याचे कान लाल.
माझा डावा पाय
रबरी मॅट तळापर्यंत दाबून बसलेला,
जिथे काहीच नाही.

सांगता आलं असतं :
चवड्याखाली थरथर येईल, तिथेच थांब, श्वास सोडू नकोस.
नाही सांगितलं.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं हँडब्रेक ओढला. पुन्हा.
झडप घालण्याआधी मांजर मागचं अंग हलवतं
तशी ती जागच्या जागी हलली,
बॉनेट जरासं उचललं,
निघाली.
माझा पाय मॅटवरून आपला आपण सुटला.

पुढच्या वळणात मी दुसरा टाकला असता.
त्यानं तिसराच ठेवला.
चूक होतं ते.
तरी गेली, खुशाल गेली,
कुरकुर नाही काही नाही.
एवढ्यात?

वर कठड्याशी उभे राहिलो.
खाली गाव, समोर अजिंक्यताऱ्याचा टॉवर.
इंजिन गार होताना टिकटिकत होतं.
काही कमी होईल का, काकू?
घरी दहा हजार ठरले होते.
मी तीस कमी केले.
हे काही बोलले नाहीत, चहा मोठा कप भरून दिला.

दुसरी किल्ली सापडत नाही, असं बर्गेला सांगितलंय.
ती बटणांच्या डब्यात आहे.

रात्री जिना चढताना
सातव्या पायरीवर
गुडघ्यानं हाफ क्लच घेतला.
थांबले तशीच.
मागून कुणी हॉर्न देत नव्हतं.