वॉलच्या पुढची जोड

चोपड्याच्या दवाखान्यात एप्रिलमध्ये
टेबलाचा पत्राही हात लावू देत नाही.
त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटावर ती,
चार महिन्यांची, तांबडी.
मागच्या मांड्यांचे केस पिवळे, चिकट,
कातडी सोललेली, माश्या.

दोनदा मी तिला परत पाठवलं होतं.
पहिल्यांदा लिहिलं: मूत्रमार्गाचा संसर्ग, सात दिवस गोळ्या.
दुसऱ्यांदा लिहिलं: सवय लावा.
सवय लावा म्हणजे घरात काय झालं
ते तिच्या पाठीवर खराट्यानं लिहिलेलं होतं.

सुपडू बोरसे केळीच्या बागांतून ठिबक जोडत फिरतो.
खिशात ड्रिपर, कानावर पेन्सिल.
म्हणाला, "डाक्टर, हाई मुतत नही, हाई गळस."
मी मान वर केली.
"बसीसन मुतस बी. बराबर मुतस, भरपूर.
पन झोपमा बी गळस. जलमल्यापाईन."
मग टेबलाच्या कडेला, धुळीत, बोटानं
त्यानं एक टाकी काढली, एक वॉल,
आणि टाकीला वळसा घालून
वॉलच्या पुढे येऊन मिळणारी एक रेघ.
"वॉल चांगला शे. जोड चुकेल शे."

ही रेघ मी परभणीला पाठ केली होती.
मूत्राशयात उघडायची ती नळी
पुढे घसरते, आईच्या पोटातच,
पिल्लू चिंचोक्याएवढं असताना,
कुणाचा हात लागलेला नसताना.
आकृती काढली होती, दोन रंगांत. मार्कही मिळाले होते.

तापीचा पूल ओलांडून जळगावला नेलं.
रात्रभर उपाशी, सकाळी एनिमा,
मूत्राशयात हवा, शिरेत औषध.
क्ष-किरणाच्या खोलीत तडवीभाऊ मिनिटं मोजत होते,
सुपडू बाहेर, चपला हातात घेऊन, का कुणास ठाऊक.
पाच मिनिटं: घेवड्याचे दोन दाणे उजळले.
दहा मिनिटं: उजवी नळी सरळ,
ओळंबा सोडावा तशी, मूत्राशयात.
डावी फुगलेली, वाकडी,
मूत्राशयाच्या मागून निघाली
आणि थांबलीच नाही.

उजेडावर धरलेली फिल्म सुपडूनं बराच वेळ पाहिली.
"कोनी जोडी व्हई हाई?" म्हणाला,
दुसऱ्या मिस्तरीचं काम पाहून म्हणावं तसं.
मी पुढचं सांगत राहिले:
शस्त्रक्रिया मुंबईला, परळला,
खर्च एवढा, आणि झाल्यावरही
काही जणी थोड्या गळतच राहतात.
तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

कागदावर नावाचा रकाना रिकामा होता.
"घरी हिला काय म्हणतात?"
"हाड."
पंखा फिरत होता. तडवीभाऊ दुसरीकडे बघू लागले.
"मना पहिले तीन ग्यात," तो म्हणाला,
"माले सुपमा टाकं, मंग मी जगनू.
लिखा, सुपडी."

लिहिलं.

फिल्म त्यानं ठिबकच्या नळीच्या वेटोळ्यात खोचली,
घरी खराट्याच्या खिळ्यावर टांगतो म्हणाला.
ती मोटारसायकलच्या टाकीवर बसली,
खाली माझं गोणपाट, ते त्यानं मागून घेतलं.

माझ्या नोंदवहीत 'सवय लावा' अजून आहे.
खोडलं नाही.
बाजूला फक्त तारीख टाकली, आजची.