कातरण

पार्क चौकाच्या फुटपाथवर चाळीस रुपयांना मिळालं,
मागचं पुठ्ठं गेलेलं जुनं इंग्रजी नाटक.
आधीच्या मालकानं पेन्सिलीनं
शब्दांच्या डोक्यावर अर्थ लिहिलेत
पहिल्या अंकाच्या मध्यापर्यंत.
पुढं कोरं.
तिथंच दमला बिचारा.

कॉलेजात हेच नाटक होतं आम्हाला,
ऐंशी पानांचं, सोपं करून, गाईडसकट.
बिराजदार सर म्हणायचे, परीक्षेला एवढं बास.
मला वाटायचं, असतंच एवढं.

आता दिसतंय काय काय गेलं होतं :
भटारखान्यातल्या दोघींचं भांडण,
एका खलाशाची लांबलचक शिवी,
राजाच्या पोटदुखीवरचा पाऊण पानाचा विनोद,
जो आमच्या इरम्माला सांगितला
तर ती सूप खाली ठेवून हसेल.

आई पान कातरते तसंच झालं हे.
भिजल्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा,
चारी अंगानं कात्री फिरवायची,
देठ बाहेर, जाड शीर बाहेर.
विडी सुबक होते, खरंय.
पण झाड कसलं होतं
ते मांडीखालच्या ढिगाला विचारावं.

रात्री मी मोठ्यानं वाचते.
एका ओळीला चार तळटिपा.
आई विचारते, एमंटुन्नाडू? काय म्हणतोय तो?
मी म्हणते, थांब, आधी मला कळू दे.
कडक भाकरी आहे ही,
कोरडी चावायला गेलं की हिरड्या सोलतात.
आमटीत कुस्करायची आणि
गप बसायचं थोडा वेळ.

मग एका शब्दाशी तीन दिवस अडले.
कोश म्हणाला : तू.
म्हणजे यांच्यातही होतं!
सर तर सांगायचे, इंग्रजीत राजाला तोच शब्द
आणि कुत्र्यालाही तोच,
कशी समान भाषा आहे बघा.
इथं तसं नाही.
इथं धनी नोकराला तू म्हणतो,
नोकर चार अंक तुम्ही, तुम्ही, तुम्ही,
आणि मग एका रात्री
हातात दिवा धरून,
एकदाच,
तू.

टीप म्हणते : संबोधनातील बदल लक्षात घ्यावा.

चादरीच्या कारखान्यात बाबा एकवीस वर्षं.
मालक वयानं धाकटा, आमच्याच जातीचा,
त्याच्या तोंडी, ए नरसय्या, तू.
बाबांच्या तोंडी तुम्ही.
बोनसच्या दिवशी पाकीट उघडून बाबा म्हणाले,
तूच मोजून बघ की.
शिवी नाही, हात उचलला नाही.
आणि मराठीत म्हणाले, तेलुगूत नाही,
म्हणजे चुकून तोंडातनं गेलं
असं कुणाला म्हणता येऊ नये.
दुसऱ्या दिवशी मागावर दुसरा माणूस.

आई म्हणाली, ते परत वाच.
सांगू नकोस, वाच. त्यांच्याच भाषेत.
वाचलं.
त्या शब्दावर तिची मान हलली,
मी न थांबता, न खुणावता.

गाईडात तो नोकरच नव्हता.
कंसात नुसतं लिहिलेलं : दिवा येतो.
जणू आपोआप.

मग पुढं काय झालं त्याचं? आईनं विचारलं.
माहीत नाही. अजून सदतीस ओळी आहेत त्याच्या.
मारला असेल, ती म्हणाली,
आणि नवीन पान घेतलं कातरायला.
वाच तरी.