धडा

मार्केट यार्डात एकतीस वर्षं तोलाईदार,
मग इलेक्ट्रॉनिक काटे आले
आणि बाबालाल मुलाणी आमच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले.

पहिल्याच दिवशी सेंट्रिफ्यूजपुढं उकिडवे बसून म्हणाले,
"तराजूच की ओ मॅडम, गरगरणारा."
मी हसले.

हळदीतून डीएनए काढणं म्हणजे चिकटाशी भांडण.
हातमोजे पिवळे, टेबल पिवळं,
वहीतला अख्खा मे महिना पिवळा.
आष्ट्याच्या एका शिवारात
सगळी सरी कंदकुजीनं गेली, एक कंद राहिला;
का राहिला, एवढंच विचारत होते मी त्याला
दोन वर्षं.

एका नळीत तो, वाटून.
समोरच्या नळीत नुसतं पाणी,
वजनाला वजन.
मिनिटाला चौदा हजार फेरे, चार अंशांचा गारठा.
झाकणाखाली दोघी सारख्याच फिरतात,
एकीच्या तळाशी खसखशीएवढं काहीतरी बसतं.

मंगळवारी वीज गेली.
उणे ऐंशीचा फ्रीजर ओरडायला लागला,
जनरेटर, फोन, धावपळ,
आणि वीज आल्यावर मी नळ्या नजरेनंच भरल्या.
बाबालाल बाहेर पॅसेज पुसत होते.
"बंद करा. तोल गेलाय."
पडद्यावर तर सगळं हिरवं होतं.
मी बटण दाबेपर्यंत टेबलावरच्या काचा वाजू लागल्या.

"किती गेलाय?"
त्यांनी दोन्ही नळ्या तळहातांवर घेतल्या, डोळे मिटले,
मग खांद्यावरचा पंचा माझ्या हातावर टाकून
खालून दोन बोटं दाबली.
सौद्यात दर असाच सांगायचे म्हणे,
शेजारच्याला कळू न देता.
काट्यावर ठेवलं:
एक पूर्णांक नऊ ग्रॅम.
"वल्या हाताचं धरा की थोडं," ते म्हणाले,
जणू चूक त्यांचीच झाली होती.

शोधनिबंध छापून आला.
त्यात यंत्राचं नाव आहे, रोटरचा क्रमांक,
वेग, तापमान, मिनिटं.
पाण्याच्या नळीबद्दल कुणी लिहीत नाही.
मीही लिहिलं नाही.

संध्याकाळी बाबालाल ती विसळून खिडकीत पालथी घालतात.
झाकणावर मार्करनं, आडत्याच्या वहीतल्यासारख्या अक्षरात,
त्यांनी लिहून ठेवलंय: धडा.

नवीन आलेली शाल्मली विचारत होती,
"काका, कसला धडा?"
"पाण्याचा,"
वर न बघता ते म्हणाले,
आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेले.